यरीहोच्या वेशीवर, नग दोन

आमच्या नातेवाइकांत माझ्याबद्दल अजून एक समज आहे की, मी तरुणपणी काही काळ फादर होण्याचा अभ्यास केला आणि ते जमलं नाही म्हणून मास्तरीण झाले. बाईमाणसाला फादर होता येत नाही, हे मी एकदा एका लग्नाच्या पंगतीत माझ्या चुलत्यांना अगदी मनापासून समजावून सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि फार मायेने विचारलं, "म्हणूनच काढून टाकलं का गं तुला?" तेव्हापासून मी समजावणं सोडलं. पण लिहून ठेवायला हरकत नाही. लिहिताना मधेच कोणी जिलेबी वाढत नाही.

आम्ही लातूरकडचे. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चाकणच्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही मोशीला राहायला आलो. गावाकडे तालुक्याच्या कॉलेजातून मी इतिहास घेऊन बी.ए. झाले होते. आमच्या घरात पदवीचा कागद आला तो पहिला माझाच. आईने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गव्हाच्या कोठीत पुरून ठेवला, कारण उंदीर आणि पाहुणे या दोघांपासून सुरक्षित अशी घरात तेवढी एकच जागा होती. पुढे मी जिथे जिथे अर्ज केले तिथे तिथे माझ्या प्रमाणपत्रातून गव्हाचे दाणे पडले.

आमच्या दोन खोल्या पहिल्या मजल्यावर होत्या आणि खाली रफीकभाईंचं दुचाकीचं गॅरेज होतं. सकाळी सहाला कंपनीच्या बसचा भोंगा, सातला आईच्या भाकरी थापण्याचा आवाज आणि आठपासून रफीकभाईंचं हॉर्न तपासणं. ते एकेक हॉर्न निदान दहा वेळा तपासत. नाश्त्याला सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणी, असायची. गुरुवारी अण्णांना सुट्टी, म्हणून त्या दिवशी धपाटे आणि दही. आज त्या जागी बारा मजली इमारत आहे आणि खाली मोबाइलची दुकानं. परवा मी तिथून रिक्षाने गेले, तर कानाला हॉर्नचा आवाज कमी पडल्यासारखा वाटला.

पुण्यातल्या एका संस्थेत मला खरं तर मोडी लिपी शिकायची होती. मोडीच्या जागा भरल्या होत्या. खिडकीतल्या कारकुनाने माझ्या अर्जातले गहू झटकले आणि म्हणाला, "सुरुवातीचे ख्रिस्ती ग्रंथ, इतिहास आणि साहित्य म्हणून शाखा आहे. तिथे जागा आहेत. तेही जुनंच आहे." मला ते पटलं. माझा या विषयाशी काही संबंध नव्हता, म्हणून प्रवेश तात्पुरता मिळाला. तीन महिन्यांनी बाहेरच्या परीक्षकासमोर एक सादरीकरण करायचं, ते पसंत पडलं तर प्रवेश पक्का. इकडे घरी मावसबहिणीच्या नवऱ्याने चाकणच्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. अण्णांनी दोन्हीकडचा विचार करून निकाल दिला, "पक्कं झालं तर शीक. न्हाई झालं तर सोमवारपासून स्टोअरला जा. अधे-मधे लटकायचं न्हाई." हा करार मला मान्य होता. स्टोअरमध्ये नटबोल्टची यादी करत बसण्याचा विचार आला की मात्र मी दिवा लावून आणखी एक पान वाचायची.

वर्गात आम्ही सात जण. तीन सिस्टर, दोन होऊ घातलेले पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री, एक निवृत्त बँकवाले आणि मी. शिकवायला साळवेबाई. बाई नगरकडच्या, तिसऱ्या पिढीच्या ख्रिस्ती, नऊवारी नेसणाऱ्या आईच्या पोटी जन्मलेल्या, उंच आणि खणखणीत आवाजाच्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "हे ग्रंथ रविवारी मी डोक्याला लावते आणि सोमवारी त्यांना प्रश्न विचारते. दोन्ही प्रेमापोटीच. तुम्ही इथे सोमवारचं शिकायला आला आहात." मग त्यांनी सांगितलं की, येशूच्या आयुष्याचे हे वृत्तांत वेगवेगळ्या माणसांनी, घटना घडून गेल्यावर काही दशकांनी, ग्रीक भाषेत, आपापल्या मंडळींसाठी, म्हणजे श्रद्धावंतांच्या गटांसाठी, लिहिले. मार्कचा बहुधा आधीचा. मत्तय आणि लूक यांच्यापुढे मार्क होता असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांनी तो वापरला, पण जागोजागी बदलला. कुठे बदलला आणि का, हे शोधायचं. त्यासाठी तिघांचे रकाने शेजारी शेजारी मांडायचे आणि रंगवायचे. तिघांत सारखं ते लाल, दोघांत सारखं ते निळं, एकट्याचंच ते हिरवं. "आणि एक लक्षात ठेवा," बाईंनी खडू उगारून बजावलं, "जुळवायचं नाही. नुसतं बघायचं. माणसाला जुळवायची फार खाज असते."

माझ्या वाट्याला यरीहोच्या आंधळ्याची गोष्ट आली. छोटीशी. यरीहो गावाजवळ रस्त्याच्या कडेला एक आंधळा भिकारी बसलेला असतो, येशू चालला आहे असं ऐकून तो ओरडतो, लोक त्याला गप्प करतात, तो आणखी ओरडतो आणि शेवटी त्याला दृष्टी मिळते. आता गंमत अशी की, मार्कमध्ये येशू गाव सोडून निघालेला असतो आणि आंधळा एकच असतो, त्याचं नावही दिलेलं असतं, बार्तीमय. मत्तयमध्येही येशू गाव सोडूनच निघालेला, पण आंधळे दोन, आणि दोघेही बिनानावाचे. लूकमध्ये आंधळा एकच, पण येशू अजून गावाजवळ पोचतोय.

मी रोज संध्याकाळी हे आईला वाचून दाखवायची. आई शाळेत गेलेली नव्हती, पण गोष्ट ऐकताना तिच्या हातातली भाकरी थांबायची. तिला बार्तीमय फार आवडला. "आपला बार्तीमय" असंच म्हणायची ती. बोलावणं आल्यावर तो अंगावरचं वस्त्र फेकून उठतो, हे फक्त मार्कमध्ये आहे. आईला तीन दिवस तेवढीच काळजी. "ते पांघरूण मग त्यानं परत घेतलं का गं? का कुणी उचललं? भिकाऱ्याला एकच तर आसतंय." असं ग्रंथात दिलेलं नाही, म्हटल्यावर तिने लिहिणाऱ्याला नापास केलं. "बाईमाणसाला लिहायला दिलं आसतं तर पांघरुणाचं आधी लिवलं आसतं."

रफीकभाईंना एक की दोन हा प्रश्न विचारला तो मी नाही, आईने, डबा द्यायला गेली तेव्हा. त्यांनी हात पुसत पुसत सोडवून टाकला. "ताई, यात काय एवढं? गाडी दाखवायला कोण एकटा येतो का? एकाची गाडी खराब, दुसरा नुसता बरोबर आलेला. कोणी एक लिहिणार, कोणी दोन. दोन्ही बरोबर!" मी वर्गात हे सांगितलं तेव्हा साळवेबाई म्हणाल्या की, हाच खुलासा शेकडो वर्षं मोठमोठे विद्वान देत आले आहेत, फक्त त्यांना गाडीचं सुचलं नाही. मी रफीकभाईंना तसं कळवलं. त्यानंतर आठवडाभर त्यांनी माझ्या लूनाचं पंक्चर फार गंभीरपणे काढलं.

अण्णांचं मात्र वेगळं होतं. अण्णा दहावीपर्यंत शिकलेले, पण अक्षर असं की छापलेलं लाजावं. त्या अक्षरामुळेच कंपनीने त्यांना मशीनवरून उचलून तपासणी विभागात बसवलं. तिथे त्यांची एक खास कामगिरी असे. कन्व्हेयरचा पट्टा तुटला, लाइन बंद पडली, की तिन्ही शिफ्टचे लोक आपापल्या वहीत लिहीत. पहिली शिफ्ट लिही, आम्ही निघताना चालू होता. दुसरी लिही, आम्ही आलो तेव्हाच तुटलेला होता. तिसरी लिही, तुटला हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. मग बाहेरचे ऑडिटवाले यायच्या आधी साहेब म्हणत, "अण्णांना बसवा." अण्णा तिन्ही शिफ्टच्या माणसांना चहाला बोलवत, प्रत्येकाचं पोटभर ऐकत, आणि मग कोणीही खोटा पडणार नाही असा एकच वृत्तांत लिहीत. पट्टा शिफ्ट बदलताना तुटला. सगळे खूश. यात त्यांना लबाडी वाटत नसे, आणि खरं सांगायचं तर ती नव्हतीही. चार माणसांची नोकरी आणि दोस्ती शाबूत ठेवण्याचं ते काम होतं. नातेवाइकांनी माझ्या शिक्षणाबद्दल विचारलं की ते अभिमानाने सांगत, "जुनी कागदं तपासायलीय. आमच्या क्वालिटीसारखंच काम हाय."

सादरीकरण शुक्रवारी होतं. माझा तक्ता कच्चा तयार होता, पण माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक. बुधवारी अण्णांनी तो पाहिला आणि चष्मा काढला. "हे दाखवणार हाईस का परीक्षकाला? दे इकडं. उद्या सुट्टी हाय, मी फेअर करून देतो." मला भरून आलं. मी तिन्ही रकाने समजावले, लाल-निळं-हिरवं समजावलं, तीन जणांचा एकाच घटनेचा वृत्तांत शेजारी शेजारी मांडायचा आहे, असं सांगितलं. एवढं सगळं सांगितलं, आणि साळवेबाईंचं ते एक वाक्य सांगायचं राहिलं. आता विचार करते तेव्हा वाटतं, चूक माझीच. ज्या माणसाने आयुष्यभर तीन वह्या फक्त एकाच कारणासाठी शेजारी मांडल्या, त्याला मी दुसरं कारण सांगितलंच नव्हतं.

गुरुवारी मी दिवसभर संस्थेच्या ग्रंथालयात होते. परत आले तेव्हा तक्ता गुंडाळून, वर्तमानपत्रात बांधून, दोन्ही टोकांना चिकटपट्टी मारून तयार होता. त्यावर बाणही काढला होता, ही बाजू वर. "उघडू नकोस, कोपरे दुमडत्यात," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "लई वेळ गेला. पण आता कुणी बोट ठेवणार न्हाई." आईने माझ्यासाठी एक धपाटं ठेवलं होतं. ते खाऊन मी निश्चिंत झोपले.

परीक्षक म्हणजे जाड भिंगाचे, वाळलेले, बारीक आवाजाचे गृहस्थ. मागच्या वर्षी त्यांनी एकाला चहा यायच्या आत घरी पाठवलं होतं, असं बँकवाल्यांनी मला बाकावर बसल्या बसल्या सांगितलं, धीर द्यावा म्हणून. माझं नाव पुकारलं. मी पुढे गेले, चिकटपट्टी दाताने तोडली आणि एका सिस्टरच्या मदतीने तक्ता फळ्यावर टांगला.

पहिल्यांदा मला दिसलं ते अक्षर. काय सुंदर होतं! मग रंग दिसला. सगळा तक्ता लाल होता. निळं नाही, हिरवं नाही, वरपासून खालपर्यंत लालभडक, जत्रेतल्या पाळण्यासारखा. मग मी वाचलं. तिन्ही रकान्यांत अक्षर न् अक्षर एकच मजकूर होता. स्थळ : यरीहो गावची वेस. अंध इसम : नग दोन, पैकी एकाचे नाव बार्तीमय, दुसऱ्याचे उपलब्ध नाही. वस्त्र : टाकले, नंतर परत घेतले. आणि खाली उजव्या कोपऱ्यात "तपासले", त्याखाली अण्णांची वळणदार सही.

माझ्या डोळ्यांपुढे चाकणचं स्टोअर आलं, त्याची रॅकं आली, नटांचे खोके आले. परीक्षक उठून तक्त्याजवळ गेले. नाक टेकेल इतक्या जवळून त्यांनी पहिला रकाना वाचला, दुसरा वाचला, तिसरा वाचला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हा कोणता पाठ आहे?"

"आमच्या अण्णांचा," मी म्हणाले. आणि मग रडू यायच्या आत सगळं सांगून टाकलं. अक्षर, गुरुवार, पट्टा, तीन शिफ्ट, चहा. "सर, मूळ तक्ता घरी आहे. हा चुकलाय. त्यांना वाटलं, मी उतरवताना चुका केल्या. मला लाज वाटू नये म्हणून त्यांनी न सांगता दुरुस्त केल्या."

साळवेबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते. त्या संतापल्या आहेत असं मला वाटलं.

परीक्षकांनी खुर्ची ओढून तक्त्यासमोर घेतली आणि बसले. "वेशीवर का?" त्यांनी विचारलं.

"सर?"

"तुमच्या वडिलांनी आंधळ्याला वेशीवर का बसवलं? आत का नाही? बाहेर का नाही?"

"कारण मार्क आणि मत्तय म्हणतात येशू बाहेर पडत होता, आणि लूक म्हणतो पोचत होता. वेशीवर म्हटलं की कोणीच खोटा पडत नाही."

"मग लूकने का बदललं असेल?"

हे मला येत होतं. "सर, लूकला लगेच पुढे गावाच्या आतली एक गोष्ट सांगायची आहे, झाडावर चढून बसलेल्या त्या बुटक्या जकातदाराची. ती फक्त त्याच्याकडेच आहे. ती नीट बसावी म्हणून आंधळ्याला त्याने आधी घेतलं असावं. अण्णांनी त्याला वेशीवर आणला, त्यामुळे लूकची ती सगळी मांडणीच पुसली गेली."

"बरं. नग दोन?"

"मत्तयचे दोन. त्याला जोड्या करायची सवय दिसते, दुसरीकडेही जिथे मार्ककडे एक माणूस आहे तिथे त्याच्याकडे दोन आहेत. अण्णांनी दोन ठेवले आणि मार्कचं नाव त्यातल्या एकाला दिलं."

"आणि हे 'परत घेतले'? हे तर तिघांतही नाही."

"ते आईचं आहे, सर."

इथे मात्र परीक्षकांच्या घशातून शिट्टीसारखा एक आवाज निघाला. ते हसत होते. त्यांना हसण्याची सवय नसावी, कारण त्यांना मधेच ठसका लागला आणि सिस्टरने पाणी दिलं. पाणी पिऊन ते वर्गाकडे वळले. म्हणाले, जुन्या हस्तलिखितांत नकलनवीसांनी हेच केलं आहे. एक वृत्तांत उतरवताना दुसरा आठवला की हात आपोआप जुळवून घेई. दुसऱ्या शतकात तर एका गृहस्थाने चारही वृत्तांत, म्हणजे हे तीन आणि वेगळ्या वळणाचा चौथा, फोडून, एकत्र विणून त्यांचा एकच केला, आणि काही मंडळ्यांत तोच पिढ्यान्‌पिढ्या वाचला जात होता. त्यात पाप नव्हतं, काळजी होती. आता आपल्यासमोर फक्त दुरुस्त केलेली प्रत आहे, तीवरून मूळ कसं ओळखायचं, हाच आपला धंदा. "ही मुलगी आत्ता तेच करत होती," ते म्हणाले, "तेही रडकुंडीला येऊन. म्हणजे पाठांतर नव्हे."

पुढचा पाऊण तास मी त्या लाल तक्त्यावरून बोट फिरवत एकेक सांधा दाखवत गेले. इथे खाच होती, इथे भरली. इथे मार्कचं होतं, इथे गेलं. अण्णांनी जिथे जिथे डांबर टाकलं होतं तिथे तिथे खड्डा होता, आणि ते खड्डे मला माझ्या स्वतःच्या रंगीत तक्त्यापेक्षा जास्त स्पष्ट दिसत होते. मी पुढे त्याच संस्थेत अनेक वर्षं शिकवलं, पण त्या दिवसाइतकं चांगलं मला परत कधी शिकवता आलं नाही. चहा आला तेव्हा मी अजून वर्गातच होते. परीक्षकांनी कपाळावर आठी घालून बाईंच्या कागदावर सही केली. प्रवेश पक्का.

घरी पोचले तेव्हा अण्णा दुसऱ्या शिफ्टला न जाता रजा टाकून बसले होते. आईने भाजी दोनदा गरम केली होती. जिन्यात रफीकभाई, हातात स्पार्क प्लग घेऊन, सहज आल्यासारखे उभे.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"पक्कं झालं."

आईने देवापुढे साखर ठेवली आणि तिच्यातली चिमूटभर, थोडा विचार करून, बार्तीमयच्या नावाने खिडकीत चिमण्यांना टाकली. अण्णांनी फक्त मान हलवली. "बोट ठेवलं का कुणी?"

मी सारं सांगितलं. लपवलं असतं तर चाललं असतं, पण तीन महिने साळवेबाईंकडे शिकल्यावर मला ते जमेना. अण्णांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "म्हणजे मुळातच तिघांचं वेगवेगळं हाय? तू चुकली नव्हतीस?"

"नाही, अण्णा."

"आन् ते तसंच चालवून घेतलं? इतकी वर्षं? वरच्या साहेबांनी कुणाला बसवलं न्हाई?"

"बसवलं होतं एकाला. पण शेवटी लोकांनी ते वेगवेगळेच ठेवले. म्हणाले, राहू देत."

"राहू देत," अण्णांनी स्वतःशीच म्हणून पाहिलं, नवीन चप्पल घालून चालून बघावं तसं. रफीकभाई म्हणाले, "अण्णा, आमच्या घरात अब्बांच्या निकाहची गोष्ट चार चाचा चार सांगतात. कोणाची खरी आम्ही विचारत नाही. एकाला काढला तर ईदला कोण बोलणार?" अण्णांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते प्लग घेऊन खाली गेले.

पुढच्या गुरुवारी सकाळी अण्णांनी स्वतःच नवीन कार्डशीट आणलं. साळवेबाईंना लाल तक्ता संस्थेत ठेवायचा होता, त्याच्या जोडीला खरा तक्ताही हवा, म्हणून त्यांनी निरोप पाठवला होता. अण्णा जमिनीवर मांडी घालून बसले. माझा मुंग्यांचा कागद डावीकडे, पट्टी उजवीकडे. मी शेजारी बसून बघत होते. पहिला रकाना, एक आंधळा. लाल, निळं, हिरवं, जिथल्या तिथे. दुसरा रकाना. "दोन" लिहिताना त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी दोन लिहिलं. कपाळावर घाम होता. तिसऱ्या रकान्यात येशू गावाजवळ पोचत होता, तिथे तर ते उठून पाणी पिऊन आले. दुपारी धपाटे गार झाले, पण एकही अक्षर जुळवलेलं नव्हतं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं, तक्ता हात लांब करून पाहिला, आणि मग मी चहा आणायला आत गेले तेवढ्यात खिशातली पेन्सिल काढली असावी. तो तक्ता संस्थेत कितीतरी वर्षं होता. दर नव्या तुकडीला मी तो दाखवायची, आणि कोणाची तरी तीक्ष्ण नजर हमखास खालच्या कोपऱ्यापाशी अडकायची. तिथे अगदी फिकट, खोडता येईल अशा बेताने, पण अत्यंत सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं : "संबंधित तिघांनी कृपया कार्यालयात येऊन भेटावे. चहा मिळेल."